वारसनोंद झाली, वाटणी राहिली



आमच्या बोदवडमध्ये जनाज्याची नमाज उभी राहण्यापूर्वी इमाम एक घोषणा करतो. मय्यतवर कोणाचे देणे असेल तर त्याने वारसांशी बोलावे, अन्यथा अल्लाहसाठी माफ करावे, अशा अर्थाची ती घोषणा असते. ती मी अनेक वर्षे करीत आलो आहे. पुढच्या आठ-दहा दिवसांत कधी किराणा दुकानदार मुलांकडे येतो, कधी बियाणे-खताची उधारी असलेला व्यापारी येतो, आणि बहुतेक वेळा ते देणे फिटतेही. मात्र इतक्या वर्षांत एखाद्याची बहीण आपले देणे मागावयास आली, असे मी पाहिलेले नाही. जेथे ही घोषणा होते तेथे बहिणी नसतातच. आणि ज्या देण्याविषयी मी बोलत आहे, ते देणे आहे हे बहुधा तिलाही कोणी सांगितलेले नसते.

हे देणे म्हणजे वडिलांच्या घरातील तिचा हिस्सा.

घरातील कर्ता पुरुष गेल्यानंतर काही महिन्यांनी 'घर नावावर करण्याचा' विषय निघतो. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, वारसांच्या सह्या, अर्ज अशी धावपळ होते आणि नवा उतारा हाती आला की 'काम झाले' असे आपण म्हणतो. या लेखात एवढेच सांगावयाचे आहे की ते काम झालेले नसते. कार्यालयात होते ती नोंद. अल्लाह तआलाने फर्ज केली आहे ती वाटणी. नोंद वाटणीच्या मागे चालली तर ती अमानतीचे रक्षण करते. वाटणीला डावलून पुढे गेली तर तीच नोंद दुसऱ्याचा हक्क गिळण्याचे साधन बनते.

माझ्याच घराचा उतारा

हा धडा मी किताबांतून शिकलो होतो, परंतु मला तो कळला माझ्या घरात. मदरशात फराइज, म्हणजे वारसाहक्काचे शास्त्र, मी शिकलो. परीक्षेत वाटणीची गणितेही सोडविली. अब्बांचा इंतकाल झाल्यावर मी आणि माझा भाऊ वारसनोंदीसाठी उतारा काढावयास गेलो, तेव्हा त्यावर अब्बांचे नावच नव्हते. नाव होते दादांचे. दादांना जाऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. घरपट्टी अब्बा भरीत, छपराची कौले अब्बा बदलीत, म्हणून घर त्यांचेच असे आम्ही धरून चाललो होतो.

अर्ज लिहून देणाऱ्याने मार्ग सांगितला. आम्हा दोघा भावांची नावे लावावयाची; अम्मी आणि बहीण यांची 'हरकत नाही' अशी सही घ्यावयाची; आणि फुफींचा उल्लेखच करावयाचा नाही, कारण 'त्या आता दुसऱ्या घरच्या'. मी मान डोलावली, हे लपविण्यात अर्थ नाही. त्याच आठवड्यात जुम्याच्या बयानसाठी मी सूरह निसा उघडली होती. त्या रात्री कागद घेऊन बसलो आणि मदरशात घातले जाणारे गणित प्रथमच माझ्या घराला लावून पाहिले.

दादी दादांच्या आधीच वारली होती. दादांच्या पश्चात एक मुलगा आणि दोन मुली होत्या. मुलाला दोन मुलींइतका हिस्सा या नियमाने घराचे चार भाग होतात : अब्बांचे दोन, प्रत्येक फुफीचा एक. म्हणजे निम्मे घर दादांच्या इंतकालाच्या क्षणीच फुफींचे झाले होते. उरलेल्या निम्म्याचे वारस अम्मी, आम्ही दोन भाऊ आणि एक बहीण. पत्नीला संतती असताना आठवा हिस्सा मिळतो; उरलेले सात अष्टमांश मुलामुलींत दोनास एक या प्रमाणात वाटले जातात.

सर्व पूर्णांकांत यावे म्हणून घराचे ८० भाग कल्पावे. दोन फुफींचे प्रत्येकी २०, म्हणजे ४०. अब्बांच्या ४० पैकी अम्मीचे ५, माझे १४, भावाचे १४, बहिणीचे ७. बेरीज ८०.

ज्या घराला आम्ही दोघे भाऊ 'आमचे घर' म्हणत होतो, त्यात आमचे मिळून २८ भाग होते. उरलेले ५२ भाग ज्यांचे, त्यांपैकी एकाचेही नाव त्या अर्जात येणार नव्हते. त्यातून थोरल्या फुफीचा इंतकाल झालेला. तिचे २० भाग आता तिचा पती, मुलगा आणि मुलगी यांचे झाले होते : पतीला चौथा हिस्सा म्हणून ५, मुलाला १० आणि मुलीला ५. फराइजमध्ये अशा एकामागून एक झालेल्या मृत्यूंच्या हिशेबाला 'मुनासखा' म्हणतात. वाटणी जितकी लांबते तितके वारस वाढतात, आणि ज्याची माफी मागावी ती व्यक्तीच एके दिवशी मातीआड जाते. हे मी थोरल्या फुफीच्या बाबतीत अनुभवले आहे.

कुरआनचा आदेश कोणत्या प्रसंगी आला

सूरह निसाच्या ७ व्या आयतीत अल्लाहने स्पष्ट केले आहे की आईवडील आणि जवळचे नातेवाईक जे मागे ठेवतात त्यात पुरुषांचा हिस्सा आहे आणि स्त्रियांचाही. मालमत्ता थोडी असो वा पुष्कळ, हिस्सा ठरलेला आहे. ११, १२ आणि १७६ या आयतींत हिश्शांचे प्रमाणच सांगितले आहे. नमाजच्या रकअती किती, जकातचा दर किती, हा तपशील आपल्याला हदीसमधून मिळतो; वारसाहक्काचे अपूर्णांक मात्र अल्लाहने स्वतःच्या कलामात घातले. १३ व्या आणि १४ व्या आयतीत या वाटणीला त्याने आपल्या मर्यादा म्हटले आहे, आणि त्या ओलांडणाऱ्यास कठोर इशारा दिला आहे.

हे आदेश उतरले तो प्रसंग हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितला आहे. उहुदच्या लढाईत हजरत सअद बिन रबीअ (रजि.) शहीद झाले. त्यांची पत्नी दोन लहान मुलींना घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली. मुलींच्या चुलत्याने सर्व मालमत्ता ताब्यात घेतली होती, आणि मालाशिवाय या मुलींचे लग्न होणे कठीण होते. प्रेषित (स.) यांनी अल्लाहच्या निर्णयाची वाट पाहावयास सांगितले. आयत उतरली, तेव्हा त्यांनी त्या चुलत्याला बोलावून घेतले : दोन मुलींना दोन तृतीयांश दे, त्यांच्या आईला आठवा हिस्सा दे, आणि उरेल ते तुझे.

या प्रसंगात कोणी न्यायालयात गेले नव्हते. एक विधवा आपल्या मुलींचा हात धरून आली होती. आपल्या वस्तीत अशी स्त्री आज इमामाकडे वा जमातच्या पंचांकडे आली, तर आपण तिला कोणते उत्तर देतो? 'घरातले घरातच मिटवा' हेच ना?

वाटणीपूर्वीची तीन कामे

वाटणीकडे जाण्यापूर्वी क्रम लक्षात घ्यावा. मृताच्या मालमत्तेतून प्रथम कफन-दफनाचा मध्यम खर्च. त्यानंतर कर्ज. यात पत्नीचा न दिलेला महर येतो, हे विशेष ध्यानात ठेवावे. निकाहनाम्यात लिहिलेला महर अनेक घरांत पतीच्या मृत्यूपर्यंत तसाच राहतो. 'माफ कर' असे तिला जनाज्यापाशी रडतानाच म्हणावयास लावले जाते. तो महर हे कर्ज आहे, आणि ते तिच्या आठव्या हिश्शाव्यतिरिक्त द्यावयाचे आहे.

तिसरे काम वसीयतीचे. वसीयत एक तृतीयांशापर्यंतच चालते. हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांना आपली बहुतेक मालमत्ता सदका करावयाची होती, प्रेषित (स.) यांनी त्यांना एक तृतीयांशावर थांबविले आणि तेही पुष्कळ आहे असे सांगितले. शिवाय जो आधीच वारस आहे त्याच्या नावे वसीयत चालत नाही. मृत्यूनंतर इतर सज्ञान वारसांनी खुशीने मान्य केली तरच ती लागू होते. 'घर धाकट्याला' असे मृत्युपत्र लिहून ठेवणाऱ्या वडिलांनी हे जाणून घ्यावे.

ज्या नातवंडांचे वडील आजोबांच्या आधी वारले, त्यांचे चुलते हयात असतील तर त्यांना आजोबांच्या वारशात हिस्सा येत नाही. अशा यतीम नातवंडांसाठीच ही एक तृतीयांशाची मुभा आजोबांनी हयातीत वापरावी.

'बहिणीने सोडून दिले'

आता मुख्य अडथळ्याकडे येऊ. 'आमच्या बहिणीने खुशीने सोडले' हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. ते वाक्य तीन कसोट्यांवर घासून पाहावे.

पहिली, सोडताना तिचा हक्क अस्तित्वात होता का? वारसाहक्क मृत्यूनंतरच निर्माण होतो. वडील हयात असताना लग्नाच्या वेळी मुलीकडून लिहून घेतलेले हक्कसोड शरीअतच्या दृष्टीने निरर्थक आहे. लग्नात दिलेले दागिने, भांडी, कपाट हेही वारशात मोजता येत नाही. ती वडिलांनी हयातीत दिलेली भेट होती.

दुसरी, आपण काय सोडत आहोत हे तिला ठाऊक होते का? घराची किंमत किती, तिचे भाग किती, हे न सांगता घेतलेली सही ही अंधारात घेतलेली सही होय.

तिसरी, नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य तिला होते का? हिस्सा मागितला तर माहेर तुटेल, ईदला भाऊ न्यावयास येणार नाही, मुलाच्या लग्नात मामा उभा राहणार नाही, या भीतीने दिलेला होकार हा खुशीचा होकार नव्हे.

हनफी फिक्हनुसार एखाद्या वस्तूतील मालकी नुसते 'मी सोडले' म्हटल्याने संपत नाही. म्हणून उलमा दोन मार्ग सांगतात. एक, तिचा हिस्सा वेगळा करून तिच्या ताब्यात द्यावा. नंतर तिने स्वेच्छेने भावाला काही दिले तर ती तिची भेट. दुसरा मार्ग 'तखारुज'चा : वारसांनी आपसात मोबदला ठरवावा, तो तिने मनापासून स्वीकारावा आणि मालमत्तेतून बाजूला व्हावे. अज्ञान वारसाचा हिस्सा मात्र त्याच्या वतीने कोणालाही सोडता येत नाही, त्याच्या आईलाही नाही.

भावांच्या बाजूने एक गोष्ट न्यायाने सांगावी लागेल. वडिलांच्या पश्चात एखाद्या भावाने स्वतःच्या कमाईतून घरावर मजला चढविला असेल, तर त्या खर्चाचा हिशेब वेगळा मांडता येतो. परंतु त्या हिशेबाच्या आडोशाने मूळ घर आणि त्याखालची जागा एकट्याची होत नाही.

कार्यालयातील काम कसे करावे

शरीअत आणि देशाचा कायदा यांत येथे विरोध नाही, हे समजून घ्यावे. १९३७ च्या मुस्लिम वैयक्तिक कायदा (शरीअत) लागू करण्याच्या अधिनियमानुसार मुस्लिम व्यक्तीच्या घराचा वारसा शरीअतप्रमाणेच ठरतो. बहिणीला कायदा हिस्सा देतो, शरीअत देते. अडवतो तो आपला रिवाज.

प्रथम मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करून दाखला घ्यावा. नंतर घराची नोंद कोठे कोठे आहे ते पाहावे. गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो. बोदवडसारख्या ठिकाणी नगरपंचायतीची कर आकारणी नोंदवही असते. नगर भूमापन झालेले असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मिळकत पत्रिका असते. बिनशेती प्लॉट असेल तर सातबारा. खेड्यांच्या गावठाणात २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होत आहेत. अशी पत्रिका प्रथमच बनत असेल तेव्हाच सर्व वारसांची नावे लागतील याची काळजी घ्यावी, कारण तेथे राहून गेलेले नाव पुढे लावणे फार जड जाते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची माहिती तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला द्यावयाची असते. त्यानंतर फेरफार नोंद धरली जाते, संबंधितांना नोटीस निघते, हरकत न आल्यास नोंद प्रमाणित होते. अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात आणि वंशावळीत मुली, विवाहित बहिणी, विधवा, आई या सर्वांची नावे लिहावीत. अज्ञान वारसाचे नावही अ.पा.क. म्हणून पालकाच्या नावासह येते. 'एवढेच वारस आहेत' असे शपथेवर लिहून एका बहिणीचे नाव गाळणे ही खोटी साक्ष आहे, आणि प्रेषित (स.) यांनी खोट्या साक्षीला मोठ्या गुनाहांत गणले आहे.

वारसांत वाद असेल, किंवा एखाद्या संस्थेने न्यायालयाचा कागद मागितला, तर १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली दिवाणी न्यायालयातून वारस प्रमाणपत्र मिळते. हिश्शाच्या बदल्यात रक्कम ठरली असेल, तर ती रक्कम स्पष्ट लिहून हक्कसोडपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावे. प्रत्यक्ष वाटणी झाली असेल तर वाटणीपत्र करावे. कुरआनची सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लेखणी आणि साक्षीदार हे अविश्वासाचे लक्षण मानू नये.

आणखी दोन गैरसमज दूर व्हावेत. उताऱ्यावर नाव चढले म्हणजे मालकी मिळाली, असे नाही. फेरफार नोंद महसुलाच्या कामासाठी असते, तिने मालकी निर्माण होत नाही वा नष्टही होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या सावर्णी विरुद्ध इंदर कौर या निकालात आणि त्यानंतरही सांगितले आहे. म्हणजे बहिणीचे नाव गाळून केलेली नोंद तिचा हक्क दुनियेतही संपवीत नाही. तसेच नामनिर्देशनाचे. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या शेअर्स आणि म्युच्युअल फंडांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये ठरविले की नामनिर्देशित व्यक्ती तेवढ्यानेच मालक होत नाही. मालमत्ता वारसाहक्काप्रमाणेच जाते. शहरात सदनिका वा ठेवी असणाऱ्या कुटुंबांनीही 'नॉमिनी मी आहे' या शब्दावर विसंबून राहू नये.

आम्ही काय केले

तो अर्ज आम्ही दिला नाही. भाऊ प्रथम रागावला. पैसे कोठून आणणार, हा त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. इमामाचा पगार आणि त्याचे छोटे दुकान यांवर आमची दोन घरे चालतात. आम्ही जाणत्या दोघांकडून घराची किंमत काढली. जुने घर, गावठाणातील जागा, आठ लाख रुपये ठरले. म्हणजे एका भागाचे दहा हजार.

धाकट्या फुफीकडे गेलो तेव्हा तिने कागदाकडे पाहिलेही नाही. "बेटा, मला काही नको, माझे माहेर तेवढे राहू द्या," एवढेच ती म्हणाली. मी तिला सांगितले की माहेर राहीलच, ते या पैशावर अवलंबून नाही. हे दोन लाख तुझे आहेत आणि वीस वर्षांपासून आमच्याकडे पडून आहेत. ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, "थोरलीचे काय?" त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. थोरल्या फुफीच्या पतीने आणि मुलांनी त्यांची रक्कम घेतली. तिने हयातीत या घराविषयी कधी एक शब्दही काढला नव्हता, असे तिच्या मुलाने सांगितले. तिची माफी मागण्याची संधी मी कायमची गमावली आहे. तिच्यासाठी दुआ करतो, त्यापलीकडे माझ्या हाती काही नाही.

बहिणीचे सत्तर हजार आणि दोन्ही फुफींकडील चार लाख, असे चार लाख सत्तर हजार रुपये आम्ही सर्वांच्या संमतीने हप्ते ठरवून तीन वर्षांत फेडले. शेवटचा हप्ता दिल्यानंतरच हक्कसोडपत्राची नोंदणी केली. अम्मीने आपले पाच भाग ठेवून घेतले. आज उताऱ्यावर तीन नावे आहेत, आणि पहिले नाव अम्मीचे आहे. फुफीने त्या पैशातून डोळ्याचे ऑपरेशन करून घेतले आणि उरलेले बँकेत ठेवले. ईदला ती पूर्वीसारखीच येते.

हे मी स्तुतीसाठी सांगत नाही. वीस वर्षांच्या विलंबाची स्तुती होत नसते. ज्याला फराइज शिकविले गेले त्याच्या घरात हे घडले, तर इतरांच्या घरात काय असेल, याचा विचार व्हावा म्हणून सांगितले.

शेवटचा न्याय

उम्मुल मोमिनीन हजरत उम्मे सलमा (रजि.) सांगतात की वारशाच्या वादात दोन व्यक्ती प्रेषित (स.) यांच्याकडे आल्या, पुरावा कोणापाशीच नव्हता. प्रेषित (स.) यांनी त्यांना सावध केले की मी माणूसच आहे, एखादा अधिक चतुराईने बाजू मांडील आणि मी ऐकले तसा निवाडा देईन, परंतु त्यातून कोणाला त्याच्या भावाचा हक्क मिळाला तर तो आगीचा तुकडा समजावा. हे ऐकून दोघे रडू लागले आणि प्रत्येकजण म्हणू लागला, माझा हक्क याला द्या. तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्यांना न्यायाने वाटून घ्यावयास, चिठ्ठी टाकावयास आणि एकमेकांना माफ करावयास सांगितले.

साक्षात अल्लाहच्या प्रेषितांच्या निवाड्यानेही जे हराम ते हलाल होत नसेल, तर तलाठ्याच्या नोंदीने, नगरपंचायतीच्या शिक्क्याने किंवा एका प्रतिज्ञापत्राने ते कसे होईल? वीतभर जमीन अन्यायाने बळकावणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचा जोखड पडेल, हा इशारा आपण मशिदीत अनेकदा ऐकतो आणि शेजाऱ्याचा बांध आठवून निश्चिंत होतो. स्वतःच्या घराचा उंबरठा आपल्याला आठवत नाही.

म्हणून या महिन्यात एक काम करावे. कपाटातील घराचा उतारा बाहेर काढावा आणि त्यावर कोणाचे नाव आहे ते वाचावे. ते नाव मृत व्यक्तीचे असेल तर तिच्या सर्व वारसांची यादी करावी, आणि जवळच्या जाणकार आलिमकडून हिस्से काढून घ्यावेत. नाव तुमचेच असेल, तर ते कसे आले हे स्वतःला विचारावे. बहिणी हयात आहेत तोवर हे सोपे आहे.

जनाज्याच्या घोषणेत मी आता एक वाक्य वाढविले आहे : मय्यतच्या मालमत्तेत तिच्या मुलींचा, बहिणींचा, बेवेचा जो हिस्सा अल्लाहने ठरविला आहे, तोही देणेच आहे. काहींना ते त्या वेळी बोलणे आवडत नाही. परंतु वारस एकत्र जमलेले असतात, आणि कबर समोर खोदलेली असते.

अल्लाह तआला आपल्या मरहूम आईवडिलांची मगफिरत करो, त्यांनी मागे ठेवलेले आपल्याला अमानत म्हणून वागविण्याची तौफीक देवो, आणि ज्यांचे हक्क आपल्या छताखाली अडकून आहेत त्यांचे हक्क आपल्याच हातून, आपल्या हयातीत, अदा करवून घेवो. आमीन.